धाकट्या जावेचं ताट

तीजेच्या दिवशी मोहतांड्यातलं पहिलं गाणं मानीबाईनं धरायचं, हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. पण घाटंजीकडच्या या तांड्यात सून होऊन आलेल्या कुठल्याच बाईनं दुसरं काही पाहिलं नव्हतं. श्रावणात पोरी टोपल्यांमधे गहू पेरायच्या, रोज पाणी घालायच्या, आणि पिवळसर कोंब वितभर झाले की टोपल्या नायकाच्या अंगणात मांडून भोवती बायकांचा फेर सुरू व्हायचा. मानीबाई पदर खोचायची, कानाशी हात न्यायची आणि असा सूर लावायची, की बांधापलीकडं डवऱ्यामागं चालणारा माणूसही बैल थांबवून ऐकायचा.

त्या वर्षी तिनं सूर लावला आणि दुसऱ्याच कडव्याला तिचा दम संपला.

आधी तिला वाटलं, घशात काही अडकलं. खाकरून तिनं पुन्हा सुरुवात केली. मग पायांखालची जमीन हलल्यासारखी झाली, टोपल्यांमधले कोंब एकमेकांत मिसळले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. कोणीतरी धरून तिला ओट्यावर बसवलं, कोणीतरी पाण्याचा लोटा तोंडाला लावला. फेर थांबला. पोरी एकमेकींकडं पाहू लागल्या. तेव्हा नायकाची बायको म्हणाली, “लाली, तू धर वो गाणं. तीज अशी अर्धी ठेवता येते का?”

आणि लालीनं गाणं धरलं.

लालीबाई म्हणजे मानीची धाकटी जाऊ. गळा तिचा काही गोड नव्हता. सूर एका वाटेनं जायचा आणि ती दुसऱ्या. पण दम? एकामागून एक कडवी सुटत गेली, पायांचा ठेका कुठं चुकला नाही, आणि तरण्या पोरी धापा टाकायला लागल्या तरी ही बाई हसतच होती. मानीबाईची नात सलोनी तर लालीच्या हाताला हात लावून नाचत होती. ओट्यावर बसलेल्या मानीबाईच्या हातातला लोटा तसाच राहिला. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं असं जळू नये, हे तिला कळत होतं. पण कळून काय होतं?

खरं तर सगळं आयुष्य हे उलटं होतं. लखीराम आणि फुलसिंग हे दोघे भाऊ. मानी थोरल्याची बायको होऊन आली आणि दोन-तीन वर्षांनी धाकट्याची लाली. मानी उंच, हाडापेरानं मजबूत. पऱ्हाटीत वेचणीला उतरली की तिची ओटी सगळ्यांच्या आधी भरायची. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती अशी चालायची, जणू रिकाम्या हातानं बाजाराला निघाली आहे. लाली तुराटीसारखी किडमिडी. वर्षातून दोनदा तापानं आडवी पडायची. बायका म्हणायच्या, “हिले तर वाऱ्याची झुळूक उडवून नेईन.” मानी वरवर “असं काहून म्हनता वो” म्हणायची, आणि आतून तिला साखर खाल्ल्यासारखं वाटायचं.

आणखी एका गोष्टीचा मानीला अभिमान होता. ती सगळ्यांच्या मागून जेवायची आणि थोडं जेवायची. दाळ संपली तर मिरचीच्या ठेच्याशी भाकर. भाकर संपली तर वरून पाणी. सासू चारचौघींत सांगायची, “थोरली माही देव हाय, पोटाचं नावच घेत नाही.” लाली मात्र भूक लागली की सरळ चुलीपाशी बसायची. सासूनं चिमटा उगारला तरी हातातली भाकर खाली ठेवायची नाही. “जिभलीची हाय,” असं सासू म्हणायची, आणि तो शब्द मानीनं मनात जपून ठेवला होता.

पुढं सासू गेली, दिवस बदलले, दोन भावांच्या दोन घरांमधे तुराट्यांचा कुड उभा राहिला. काही वर्षांपूर्वी लखीराम गेला. त्यानंतर मानीबाईचं जेवण हळूहळू आटलं. कुणाच्या लक्षात येईल असं एकदम नाही. सकाळी चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. दुपारी मन झालं तर पातळ खिचडी, नाहीतर पुन्हा चहा. संध्याकाळी, “पोट जड वाटते.” एका बाजूच्या दाढा गेलेल्या, पुढचे दात हलणारे, त्यामुळं भाकर नको, शेंगदाणे नको, पालेभाजीचे दोरे अडकतात. सोमवार होता, गुरुवार होता, एकादशी होती. सून ममता कधी दुधाचा पेला आणायची, तर तो सलोनीपुढं सरकायचा. “वाढत्या अंगाले लागते. म्हाताऱ्या मानसाले काय, दोन घोट चहा भेटला की झालं.”

बांगड्या दंडावरून कोपरापर्यंत घसरू लागल्या. चोळी मोकळी झाली. म्हातारपणी माणूस वाळतंच, असं ती म्हणायची, आणि त्यातही थोडा तोरा असायचा. तांड्यातल्या बायका अजून म्हणत होत्या, “मानीबाई काही खातच नाही, हवेवर जगते.”

तीजेच्या दिवशी मात्र हवेनं दगा दिला.

दुसऱ्या दिवसापासून मानीबाईनं एक नवं काम धरलं. कुडाला एका जागी फट होती. तिथं बाज ओढून ती वाती वळायला बसायची. वाती वळणं हे निमित्त. लाली करते तरी काय, हे तिला पाहायचं होतं. एवढा दम हिनं आणला कुठून? सुनीलनं, लालीच्या लेकानं, यवतमाळहून कुठली तरी ताकदीची पावडर आणली असणार. नाहीतर कुणी वैद्य गाठला असणार. आपल्याला कोणी सांगितलं नाही, एवढंच.

पावडरीचा डबा काही दिसला नाही. दिसलं ते लालीचं ताट.

सकाळी उन्हं अंगणात आली की लाली ज्वारीची भाकर दुधात कुस्करायची आणि ती मऊ होईपर्यंत थांबायची. दुपारी घट्ट तुरीची दाळ, चमचा उभा राहील अशी, सोबत अंबाडीची नाहीतर शेवग्याच्या पाल्याची भाजी. कधी उकडलेलं अंडं. ऊन कललं की भाजलेले शेंगदाणे खलबत्त्यात गुळासोबत कुटून मूठभर. अंधार पडायच्या आत पुन्हा भाकर, दाळ, वर दही. आणि पाणी? तहान नसली तरी लोटा बाजूला असायचाच. लालीच्या तोंडात कवळी होती, पांढरीशुभ्र. भाकर चावताना ती दातांवर दात वाजवायची, आणि तो आवाज कुडाच्या या बाजूला मानीबाईच्या डोक्यात घण घातल्यासारखा यायचा.

पण ताटापेक्षाही एक गोष्ट तिला जास्त बोचायची. लालीचं ताट एकटं नसायचं. समोर फुलसिंग बसायचा. बोलायचे काहीबाही, बकरीचं, पावसाचं, शेजाऱ्याचं. मधेच तो स्वतःच्या वाटीतलं दही तिच्या ताटात ओतायचा आणि ती म्हणायची, “पुरे ना वो,” आणि तरी खायची. मानीबाई तेव्हा मान फिरवायची. मग पुन्हा फटीला डोळा लावायची.

एका सकाळी वर्षा, लालीची सून, नळावर भेटली. मानीबाईनं घागर खाली ठेवली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, “काय वो वर्षा, लेकराच्या तोंडचं अंडं आजकाल सासूच्या ताटात जाते म्हने?”

तिला वाटलं होतं, ठिणगी पडेल. वर्षा हसली.

“मीच उकडून देतो ना मोठ्याई. लेकराले बी देतो, त्याईले बी देतो. मागं त्या तापानं बाजेले लागल्या होत्या, तवा डॉक्टरनं सांगतलं, म्हाताऱ्या मानसाले पोटभर भेटलं नाही तर त्याचं अंगच अंगाले खाते. त्या चालत्या-फिरत्या राह्यल्या तर मले वावरात जाता येते. नाईतर मी घरी अडकतो.”

घागर पहिल्या झटक्याला उचलली गेली नाही, आणि वर्षानं न विचारता घागर स्वतःच्या कमरेवर घेतली. तेही तिला आवडलं नाही.

मग तिनं दुसरा मार्ग धरला. मंदिराच्या पारावर, सावलीत बसलेल्या म्हाताऱ्यांमधे तिनं गोष्ट सोडली. “लालीचं पोट पाह्यलं का? या वयात तीन तीन वेळा ताट भरून खाते. आमची सासू सांगून गेलती, जिभलीची हाय म्हून.” बायका हसल्या. गोष्ट फिरत फिरत लालीपर्यंत पोहोचली, जशी ती पोहोचायचीच होती. लाली संध्याकाळी कुडापाशी आली.

“बाई, तुमी म्हने माह्या जेवनाची गोष्ट सांगून राह्यल्या.”

“मी? मी कायले सांगू?”

“सांगा ना, सांगा. खातो मी. चोरून थोडीच खातो?” लाली हसली, कवळी दाखवून. “या एखाद्या दिवशी, तुमाले बी वाढतो.”

ती निघून गेली. मानीबाईला त्या संध्याकाळी चहासुद्धा कडू लागला. भांडली असती तर बरं झालं असतं. ही हसून गेली.

कापूस फुटला. पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करायला सगळं घर वावरात गेलं. दहीभाताचा नैवेद्य शेताला दाखवायचा आणि मग वेचायला लागायचं. दोन्ही भावांची वावरं लागूनच होती. बादलनं, म्हणजे मानीबाईच्या लेकानं, आईला सांगितलं होतं, “याडी, तू फक्त झाडाखाली बस.” पण शेजारच्या तासात, पऱ्हाटीच्या ओळीत, लाली ओटी बांधून उभी होती. मानीबाईनंही ओटी बांधली.

बोटं अजून सगळं विसरली नव्हती. बोंडातून कापूस सुटून यायचा, मऊ, उन्हानं कोमट. थोडा वेळ तिला वाटलं, काही बदललेलंच नाही. तिनं तिरप्या नजरेनं लालीची ओटी पाहिली आणि हात वाढवला. लाली पुढं गेली, ही तिच्या पुढं गेली. ममतानं हाक मारली, “याडी, जरा दम घ्या ना,” तिनं ऐकलं नाही. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, कारण नेमका उपासाचा वार होता.

तासाच्या टोकाला वळताना तिचा पाय ढेकळावर पडला. आवाज झाला नाही. ती नुसती खाली बसल्यासारखी पडली, ओटीतला कापूस अंगावर सांडला, आणि उठायचं म्हटलं तर मांड्यांमधे जोरच नव्हता. हात टेकला तर मनगटातून कळ डोक्यापर्यंत गेली.

सगळ्यांत आधी पोहोचली ती लाली. तिनं कुणाची वाट पाहिली नाही. मागून दोन्ही काखांत हात घातले, गुडघे वाकवले, आणि मानीबाईला उचललं. लहान पोराला उचलावं तशी. एकटीनं.

पडल्याचं दुःख मानीबाईला नंतर झालं. त्या क्षणी तिला एवढंच कळलं की जिला वारा उडवून नेणार होता, तिच्या हातांत आपण आहोत, आणि तिच्या हातांना आपलं वजनसुद्धा लागत नाही.

“किती हलक्या झाल्या वो बाई,” लाली म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणून तर तो जास्त लागला.

ऑटो करून तिला घाटंजीतल्या दवाखान्यात नेलं. सोबत ममता आणि लाली. मानीबाई म्हणत होती लाली नको, पण आधार द्यायला दोघी लागत होत्या. मनगट फक्त मुरगळलं होतं, हाड शाबूत. डॉक्टर तरुण होते. त्यांनी वजन केलं, रक्त तपासायला घेतलं, आणि खुर्चीत बसवून हात न टेकता उठायला सांगितलं. मानीबाई उठली नाही. उठता आलंच नाही.

“आजी, जेवता काय काय?”

“सगळंच जेवतो.”

तोवर गप्प असलेली ममता एकदम उसळली. “खोटं हाय साहेब. काही खात नाई त्या. दूध देल्लं तर पोरीले देते. अंडं देल्लं तर कुत्र्याले घालते. दाळ वाढली तर म्हनते पोट जड हाय. मी भांडे घासतो तवा मले सगळं दिसते ना. लोक मले म्हनते, सासूले खाऊ घालत नाईस का? मी काय करू, त्याईच्या तोंडात कोंबू?” आणि ती रडायला लागली.

ही पोरगी इतकी वर्षं घरात होती, पण एवढं बोललेली मानीबाईनं कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “वय झालं की भूक कमी होते आजी, पण अंगाची गरज कमी होत नाही. मांड्यांचं मांस झिजलंय तुमच्या. आज मनगटावर भागलं, उद्या खुबा मोडला तर उठणं कठीण. रक्तही कमी दिसतंय, गोळ्या देतो. पण गोळी म्हणजे जेवण नव्हे. दर जेवणात दाळ, दूध, दही, अंडं, यातलं काहीतरी पाहिजेच. थोडं थोडं खा, पण वेळेवर खा. उपास काही महिने बंद. देव रागवणार नाही. आणि दातांचं पाहून घ्या, चावता येत नसेल तर माणूस खाणार काय?”

हे सगळं मानीबाईच्या एका कानानं आत गेलं आणि दुसऱ्यानं बाहेर निघालंही असतं. पण बाहेर निघताना औषधाच्या खिडकीपाशी नर्सबाईनं चिठ्ठी लालीच्या हातात दिली आणि म्हणाली, “ह्या गोळ्या जेवणानंतर द्यायच्या हं. आई का तुमच्या?”

लालीनं आधी नर्सकडं पाहिलं, मग मानीबाईकडं. आणि मग ती हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “आई नाई वो, जाऊ हाय माही. दोन-तीन वर्षाचा फरक हाय आमच्यात.” नर्स ओशाळली. ममतानं पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की रडू, ते कळलं नाही.

तांड्यापर्यंतच्या सगळ्या वाटेत मानीबाई ऑटोच्या बाहेर तोंड करून बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पांढरी झाली होती. ती पाहत होती, आणि डोक्यात एकच शब्द घणघणत होता. आई. लालीची आई.

घरी आल्यावर ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, “ममता, दाळ हाय का?”

ममतानं आधी विश्वासच ठेवला नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. आकसलेलं पोट एकदम उघडत नाही. दाळ खाल्ली की फुगायचं, दूध प्यालं की ढेकर यायचे. ममतानं मग स्वतःच्या डोक्यानं वाट काढली. भाकर दाळीतच चुरून मऊ करायची, वरून तूप. दुधाऐवजी दही. शेंगदाण्याचा कूट भाजीत मिसळायचा. शेवग्याचा पाला बारीक चिरून, दोरे काढून. अंडं मऊ उकडून, मीठ-मिरी घालून कुस्करून. एकदम ताटभर नाही, पण वाटी वाटी दिवसभर. हात टेकून का होईना, दाराची चौकट धरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. मानीबाई कुरकुरायची, शिव्या द्यायची, आणि खायची.

खायची ती भुकेनं नव्हे, ईर्षेनं. ताट पुढं आलं की पहिला प्रश्न ठरलेला. “लालीनं आज काय खाल्लं?”

ममताच्या हे लगेच लक्षात आलं. “काकीनं आज दोन वाट्या दाळ खाल्ली,” ती भाकर थापता थापता सांगायची. “वरून अंडं. अन् दही तर विचारूच नका.”

“दोन वाट्या? या वयात?”

“हो ना. म्हने, अजून एक वाढ.”

मानीबाई नाक मुरडायची, “खादाड कुठची” म्हणायची, आणि स्वतःची वाटी पुढं करायची.

दिवाळीनंतर बादलनं तिला यवतमाळला नेऊन दात काढले, आणि हिरड्या भरल्यावर कवळी बसवून घेतली. पहिल्या आठवड्यात ती तोंडात ठेवणं म्हणजे दगड चघळणं. पण लालीच्या तोंडात आहे म्हटल्यावर आपल्याही तोंडात राहिलीच पाहिजे. हळूहळू हिरड्या सरावल्या. एके दुपारी तिनं हरभऱ्याची कोवळी भाजी भाकरीसोबत चावून खाल्ली, कुडाकडं तोंड करून, दातांवर दात वाजवत.

पण पलीकडून उत्तर आलं नाही.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की चार-आठ दिवसांत पलीकडच्या अंगणातून गप्पांचा आवाज आलेला नाही. फुलसिंग उमरखेडला लेकीकडं गेला होता. तिच्या घराचं बांधकाम निघालं होतं, जावई नोकरीत, लक्ष ठेवायला कोणी नव्हतं. बरेच दिवस लागणार होते. सुनील आणि वर्षा तुरीच्या कापणीला पहाटेच निघून जायचे. मानीबाईनं फटीला डोळा लावला.

लाली चुलीपुढं उकिडवी बसली होती. हातात कप, आणि कपात टोस्ट.

खरं तर मानीबाईनं सुखावायला हवं होतं. तेवढ्यासाठी तर ती इतके महिने फटीशी बसली होती. तिनं थोडा वेळ सुखावून पाहिलं. पण काही जमेना. मग तिला राग आला. तिनं ममतानं झाकून ठेवलेलं ताट उचललं, दुसऱ्या हातात काठी घेतली आणि कुडाला वळसा घालून पलीकडं गेली.

“काय खाऊन राह्यली हे?”

लाली दचकली. “बाई, तुमी? बसा ना. काही नाई, चहा. भूकच लागत नाही आजकाल. एकटीले कायचं जेवन?”

एकटीला कसलं जेवण. हे वाक्य मानीबाईच्या तोंडात लखीराम गेल्यापासून होतं, पण तिनं ते कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. आता दुसरीच्या तोंडून ते ऐकताना तिला कसंतरीच झालं. पण ती म्हणाली ते वेगळंच.

“भूक नाही म्हने! मग मी कोनाकडं पाहून जेवू?”

“म्हंजे?”

“म्हंजे काय म्हंजे? त्या फटीतून तुहं ताट पाह्यतो अन् जेवतो. तू दोन वाट्या दाळ खाते, म्हून मी एक खातो. तूच चहा-टोस्टवर आली तर माहं कसं होईन?”

“दोन वाट्या?” लालीचे डोळे विस्फारले. “कोनी सांगतलं? दोन वाट्या दाळ खाल्ली तर माहं पोट फुटून जाईन ना वो!”

मानीबाईच्या डोक्यात ममताचा निष्पाप चेहरा आला, भाकर थापताना खाली घातलेली मान.

लाली मग हळूच म्हणाली, “फटीचं मले माहीत हाय. तुमचा डोया चमके तिथून. मी बी मंग मुद्दाम वरून वरून दही टाकून घ्यायचो.” थोडं थांबून तिनं पुढं म्हटलं, “तुमचा गळा हाय ना, बाई. मी लग्न होऊन आलो तवापासून त्याच्यावर जळतो मी. यंदा तीजेले मी गाणं धरलं, अन् पोरी हसल्या. पाह्यलं मी.”

मानीबाईनं ते ऐकलं आणि तिला फार बरं वाटलं. लालीबद्दल माया दाटून आली असं काही नव्हे. बरं वाटलं, एवढंच. आणि ते बरेच दिवस पुरलं.

“खाय आता,” ती म्हणाली, आणि ताट दोघींच्या मधे ठेवलं. “आंबट दाळ हाय. ममतानं केली.”

लालीनं एक घास घेतला. मग दुसरा. मानीबाई तिच्यावर नजर ठेवून होती. लालीनं मोठा घास घेतला की ही त्याहून मोठा घ्यायची. फुलसिंग परत येईपर्यंत हे असंच चाललं. एक दिवस इकडचं ताट तिकडं, एक दिवस तिकडचं इकडं. भांडणं झाली. मीठ कमी म्हणून झाली, अंडं जास्त शिजलं म्हणून झाली. एकदा तर कोणाची दाळ घट्ट, यावरून दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत, पण जेवायला एकत्रच बसल्या.

मग फुलसिंग आला. त्या दिवशी मानीबाई ताट घेऊन निघाली, आणि कुडापाशी थांबली. पलीकडं तो समोर बसला होता, उमरखेडच्या गवंड्याची काहीतरी गोष्ट सांगत होता, आणि लाली तोंडात घास तसाच ठेवून हसत होती. त्याचं लक्ष गेलं. “या ना भाबी, बसा,” तो म्हणाला. पण त्या दोघांच्या मधे तिसऱ्या ताटाला जागा कुठं ठेवायची, हे तिला समजेना. “जेवन झालं माहं,” असं सांगून ती वळली. छातीत ते जुनं पुन्हा टोचलं, पहिल्याइतकंच.

घरात ममता चुलीपाशी होती. बादल आणि सलोनी जेवून उठले होते. ममता आता उरलेलं घेऊन बसणार होती. दाळ संपली असेल तर मिरचीशी, नाहीतर नुसतीच भाकर. हे रोजचंच होतं. मानीबाईनं आजवर ते पाहिलं नव्हतं, कारण ते तिचंच शिकवलेलं होतं.

“तुहं ताट घे,” ती म्हणाली.

“तुमी जेवा याडी, मी मागून...”

“मागून कायले? मागून मागून जेवून माही काय गत झाली, पाह्यली ना? घे ताट. बस इथं, समोर.”

ममता अवघडून बसली. सासूसमोर पाय कसे ठेवावेत, हे तिला कळत नव्हतं. मानीबाईनं भांडं पुढं ओढलं, तळाची दाळ खरवडली आणि आधी तिच्या वाटीत ओतली.

“अर्धी तुमाले,” ममता म्हणाली.

“माही हाय. तू खाय.” मानीबाईनं पहिला घास घेतला, कवळीवर नीट चावला, आणि मग डोळे बारीक करून विचारलं, “काहून वो, लालीनं दोन वाट्या दाळ खाल्ली, हे तुले कोनी सांगतलं होतं?”

ममताचा घास हातातच राहिला. ती खाली पाहत हसू दाबत होती. पलीकडून लालीच्या मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. मानीबाईनं एकदा कुडाकडं रागानं पाहिलं, आणि आणखी भाकर मागितली.